पिकअपमधून काढलेलं इंजिन

इथे उत्तरेत, पंचगंगा घाटावर आता बऱ्याच नावा गॅसवर चालतात. त्यामुळे आज सकाळी डिझेलचा धूर नाकात गेला तशी मी पायरीवरच थांबले.

वीस वर्षांपूर्वी मी यात्रेकरूंना जेवण पुरवायचे. माझी पिकअप राजघाटच्या पुलाचा चढ लागला की तापून बंद पडायची. मागे भाताची पातेली वाफाळत असायची आणि पुढे बॉनेट. तीनदा दुरुस्ती करून कंटाळले आणि सरळ दुसऱ्या कंपनीचं इंजिन आणलं.

मिस्त्री म्हणाला, "दीदी, ये इसमें नहीं बैठेगा."

मी पर्समधून शिवणकामाची टेप काढली आणि त्याच्यासमोर सगळी मापं घेतली. दोन पट्ट्या वेल्ड कराव्या लागल्या, पण इंजिन बसलं आणि पहिल्याच चावीला सुरू झालं. तो आवाज ऐकून मला जो ताठा चढला, तो अजून पुरता उतरलेला नाही.

जुनं इंजिन न्यायला एक नावाडी आला होता. ते फार तापतं, असं मी त्याला बजावलं. त्या तेलकट लोखंडावर हात ठेवून तो म्हणाला, "तपने दीजिए दीदी, हमारे यहाँ पानी बहुत है." मी त्याला हसले होते.

आजचा धूर त्याच्याच नावेचा होता, माझ्या त्याच जुन्या इंजिनाचा. मी निवडलेलं इंजिन पिकअपसकट कधीच भंगारात गेलं. तरी आजही मी तेच निवडेन.

त्याने मला ओळखलं आणि नावेत बसवलं. राजघाटच्या पुलाखालून आम्ही न थांबता पार झालो.