अठरा घरांतला पदर

राजाक्का गेल्याचा फोन त्यांची नात श्रेया हिने केला. "आजी गेली," ती म्हणाली, "पहाटे. मम्मी चहा घेऊन गेली उठवायला, तर…" मी अंत्यविधीची वेळ विचारली, तिने सांगितली. फोन ठेवण्याआधी ती म्हणाली, "तुमच्याकडं यायचं तेवढं राहिलं." याला आता सहा आठवडे झाले. या शेवटच्या वाक्यामागे काय होतं, ते लिहून ठेवलं पाहिजे असं वाटतं.

राजमती पाटील, म्हणजे सगळ्यांच्या राजाक्का, पलूसच्या. ऊस आणि द्राक्षाची शेती असलेलं जैन कुटुंब, घरात मुलगा अजित, सून, नात. माझी त्यांची ओळख टपालातून झाली. मी तेव्हा साताऱ्यात एका दैनिकात उपसंपादक होते. सांगलीत जुन्या वाकळांचं एक प्रदर्शन भरलं होतं, त्याची बातमी करायला गेले होते. आमच्या भागात गोधडीला वाकळ म्हणतात. तिथे जमलेल्या काही बायकांनी ठरवलं, की पोस्टकार्डाच्या मापाच्या वाकळी शिवायच्या आणि एकमेकींना टपालाने पाठवायच्या. एकूण एकोणीस जणी झालो. कराड, वाई, विटा, तासगाव, मिरज, कोरेगाव… बहुतेकींनी एकमेकींना पाहिलेलंही नव्हतं. नियम चारच होते. कापड वापरलेलं हवं. शिवण हाताची हवी. सोबत चिठ्ठी नको, कापडानेच काय ते सांगावं. आणि पाठवलेलं परत मागायचं नाही. दर महिन्याला प्रत्येकीने यादीतल्या पुढच्या नावाला एक वाकळ पाठवायची, की अठरा महिन्यांत सगळ्यांची सगळ्यांना पोचते. यादी ठेवायचं काम माझ्याकडे आलं. कागद जपून ठेवायची सवय धंद्यातूनच लागलेली.

त्या पहिल्या फेरीत राजाक्कांची वाकळ मला सगळ्यांत शेवटी, अठराव्या महिन्यात मिळाली. मधोमध मोरपंखी रंगाचा चौकोन, त्याच्या एका कडेला किरमिजी काठाची बोटभर पट्टी, भोवती धोतराचं पांढरं आणि कुठल्याशा परकराचं तपकिरी. धावदोऱ्याचे टाके बाहेरून आत फिरत गेलेले. मागच्या बाजूला दोऱ्याने भरलेला आकडा, १८. क्रमांक घातला असेल, यापलीकडे मी विचार केला नाही. ती वाकळ मी लिहायच्या टेबलावर ठेवली. तिच्यावर फोन असे, कधी चष्मा, कधी चहाचा कप.

पुढे ओळख वाढली. त्या साताऱ्याला आल्या की घरी येत. सूर्यास्तानंतर जेवत नसत, त्यामुळे चार वाजले की त्यांचं अर्धं लक्ष घड्याळाकडे असे. बोलणं रोखठोक. एकदा माझी एक वाकळ हातात धरून बराच वेळ बघत राहिल्या. मी विचारलं, "कशी झालीय?" त्या म्हणाल्या, "ताई, तुमी बातम्या चांगल्या लिवता." त्यानंतर मी टाके बारीक घालायला शिकले.

दीड वर्षापूर्वी त्यांचा फोन आला. "पैल्या फेरीची यादी हाय का वो तुमच्याकडं? पत्त्यासकट?" होती. कशाला हवी, असं विचारल्यावर त्यांनी जे सांगितलं ते मी त्यांच्याच क्रमाने देते.

सुनीता ही अजितची पहिली बायको. श्रेया दीड वर्षाची असताना ती आजारपणात गेली. वर्षभराने अजितचं दुसरं लग्न ठरलं. नवी सून उंबऱ्यात यायच्या आत पहिलीचे कपडे घरातून गेले पाहिजेत, असं भावकीतल्या बायकांनी बजावलं. तशी रीतच होती. गाठोडं बांधलं गेलं, एका चुलतजावेने ते नेऊन गावाबाहेर देऊन टाकलं. त्या गाठोड्यातल्या एका साडीला पदर नव्हता, हे कुणी पाहिलं नाही. मोरपंखी सुती साडी, सुनीताची रोजची. राजाक्कांनी आदल्या दिवशी तिचा पदर कापून घेतला होता. आता तो ठेवायचा कुठे? घरात सापडला असता तर नव्या सुनेच्या माथी काहीतरी अशुभ मारलं गेलं असतं. दुसऱ्या कुणाला आख्खा दिला असता तर त्याने पुसणं केलं असतं. वाकळांची फेरी तेव्हा नुकतीच सुरू होत होती. राजाक्कांनी पदराचे अठरा भाग केले. प्रत्येक भागाची पाच थरांची घडी घातली, भोवती दुसऱ्या चिंध्या जोडून वाकळ शिवली, मागे आकडा घातला, आणि महिन्याला एक याप्रमाणे दोन जिल्ह्यांतल्या अठरा घरांत पाठवून दिली. त्यांचा हिशेब साधा होता. बदल्यात जिने स्वतः शिवून काही पाठवलं आहे, ती आलेली वाकळ टाकून देणार नाही.

"घरात ठिवू नका म्हणाली लोकं," राजाक्का फोनवर म्हणाल्या. "न्हाई ठिवला. पोस्टात टाकला."

"घरात कुणाला माहीत होतं?"

"कुणाला न्हाई."

ते मी तसंच धरून चालले. माझ्या टेबलावरच्या कपाखाली काय होतं ते तेव्हा कळलं. कप उचलून बाजूला ठेवला.

यादी हवी होती, कारण श्रेयाला जुन्या अल्बममध्ये आईचा फोटो सापडला होता. चुलीपुढे बसलेली सुनीता, अंगावर मोरपंखी साडी. आईचं तिच्याकडे काहीच नव्हतं. आवाज आठवत नाही, चेहराही फोटोतलाच. ती आजीकडे गेली आणि म्हणाली, मला ही साडी पाहिजे. आजीने खरं ते सांगितलं. "माझ्या आईचा पदर तू चिरलास?" असं म्हणून पोरीने चार दिवस बोलणं टाकलं. पाचव्या दिवशी राजाक्का तिला म्हणाल्या, "पदर आख्खा हाय. फकस्त एका जागी न्हाई. चल, दावते."

मी सुचवलं, की व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज टाकते, पंधरा दिवसांत निम्मे तुकडे तरी परत येतील. कारण कळल्यावर कुणीही नाही म्हणणार नाही. राजाक्का ऐकेनात. "दिल्यालं मागायचं न्हाई. नियम तुमीच लिवलाय न्हवं? बगायला जायाचं. बगायला कोन न्हाई म्हनतंय."

मग त्या दोघींचं फिरणं सुरू झालं. राजाक्कांचं वय तेव्हा पंच्याहत्तरच्या पुढे, गुडघे दुखणारे. श्रेयाचं अकरावीचं वर्ष. सुट्टीचा दिवस धरून एसटीने निघायचं, पाठवण्याच्या क्रमाने एका वेळी एक घर करायचं, बरोबरचा डबा सूर्यास्ताआधी मिळेल त्या स्टँडवर बसून संपवायचा आणि परतायचं. प्रत्येक घर झालं की श्रेया मला वाकळेचा फोटो पाठवी. मधल्या काळात यादीत काय काय बदललं होतं तेही कळत गेलं. तिघी जणी आता नव्हत्या, पाच जणींनी घर बदललं होतं. एक वाकळ कराडात भिंतीवर काचेत होती. एक विट्याला पाळण्यात, तिसऱ्या बाळाच्या डोक्याखाली. तासगावात यादीतली बाई जाऊन सहा वर्षं झाली होती. तिच्या सुनेने ट्रंकेतून वाकळ काढली तेव्हा तिच्यात कडुलिंबाचा वाळका पाला होता. मिरजेच्या बाईंना आपल्याकडे असं काही आहे हे आठवेना. दोन तास घर धुंडाळल्यावर ती देवघरातल्या समईखाली निघाली. अठरांपैकी एकही टाकून दिलेली नव्हती. मी आयुष्यभर आकडे तपासत आले, हा मी दोनदा तपासला.

वाईचं सांगितलं पाहिजे. सहावा तुकडा तिथे होता. ज्या बाईंकडे होता त्या घाटाजवळ राहतात, शाळेतून निवृत्त झालेल्या. त्यांनी ती वाकळ स्वयंपाकघरात गॅसवरून भांडी उतरवायला ठेवली होती. एका कोपऱ्यावर जळल्याचा काळा डाग. कारण कळल्यावर त्या रडायलाच लागल्या, वाकळ श्रेयाच्या हातात कोंबू लागल्या. "घेऊन जा गं बाळा, मला काय माहीत… मी मेली तिनं पातेली उतरवत बसले!" श्रेयाने तो डाग बोटाने चाचपला. मग आजीला विचारलं, "आजी, आई पण पदरानंच पातेलं उतरवायची का?"

"व्हय की," राजाक्का म्हणाल्या. "लय वेळा वरडलेय मी तिला. सांडशी म्हनून घरात ठरायची न्हाई, आन् ही आपली पदर लावून मोकळी. दोनदा पेटलाय पदर."

"मग ती काय म्हणायची?"

"म्हनायची, आत्या, सांडशी सापडंस्तवर दूध उतू जातंय."

श्रेया हसली. आईवर हसण्याची तिची ही पहिलीच वेळ, असं तिने मला नंतर फोनवर सांगितलं. वाकळ गॅसशेजारच्या खिळ्याला परत अडकवून त्या दोघी निघाल्या.

चौदा महिन्यांत सतरा घरं झाली. अठरावं माझं. साताऱ्याला यायचं ठरलं होतं, श्रेयाची परीक्षा आड आली, मग राजाक्कांना खोकला झाला, आणि मग ती पहाट.

श्रेया आली ती त्यानंतर तीन आठवड्यांनी. बरोबर वैशाली होती, अजितची दुसरी बायको, श्रेया जिला मम्मी म्हणते ती. मी तिला त्याआधी फक्त अंत्यविधीत पाहिलं होतं. ती दाराशीच खुर्चीच्या टोकावर बसली. ही नव्या सुनेपासून लपवलेली गोष्ट, आणि तिच्यासमोरच ती बाहेर काढायची, म्हणून मी जरा अवघडले. श्रेया टेबलापाशी गेली. तिने वाकळ दोन्ही हातांत घेतली, पालथी केली, आकडा बघितला, पुन्हा सुलट केली. मोबाइल काढून आधीच्या सतरांचे फोटो एकेक करून लावून बघू लागली. बराच वेळ गेला.

"टाके वेगळे आहेत," ती म्हणाली. "हे आजीचे नाहीत."

मी चष्मा लावून पाहिलं. ती वाकळ इतकी वर्षं माझ्या हाताखाली होती.

"माझं हायत ते," दाराजवळून वैशाली म्हणाली.

श्रेया वळली. मीही.

"तवा आत्यांचा हात मोडला होता," वैशाली सांगू लागली. "उजवा. विहिरीवरच्या मोटारीपाशी पाय घसरला. शेवटचं एकच राहिलं होतं, आन् पाठवायचा दिवस जवळ आला. त्यांना झोप लागंना. म्या म्हणलं, द्या इकडं."

"पण तुला कसं माहीत?" श्रेयाने विचारलं. "आजी तर म्हणाली, कुणालाच माहीत नव्हतं."

"मीच म्हणलं होतं, माझं नाव घिऊ नका म्हणून. भावकीला कळलं असतं तर म्हणाली असती, बघा, सवतीचं कापड मांडीवर घिऊन बसतीया. अगं, लगीन होऊन तीन म्हयनं झालं आन् कळलं मला. त्या साडीतला फोटो बघितला होता की. आत्या माळ्याच्या जिन्याखाली अंधारात बसून लपवून शिवायच्या. एक दिस जाऊन म्हणलं, आत्या, उजेडात बसा की. डोळं जातील तुमचं. दुसऱ्या दिशी त्या पुढच्या सोप्यात येऊन बसल्या. तवापास्नं सुईत दोरा मीच ओवून द्यायची. लिफाफं बी मीच टाकायची पोस्टात."

श्रेया वाकळ हातात धरून उभीच होती. "तुला वाईट नाही वाटलं, मम्मी? शिवताना?"

"वाटलं की. चार टाकं घातलं आन् म्हणलं, आत्या, न्हाई जमत मला. त्या म्हणाल्या, बारीक घाल. सुनीता लय बारीक घालायची, तिला आवडायचं न्हाई ढोबळ." वैशालीने पदराने चेहरा पुसला. "मग घातलं बारीक."

बातमीदाराला आपल्या हाती सगळी माहिती आली आहे असं वाटत असतं. माझ्याकडे यादी होती, पत्ते होते, तारखा होत्या, राजाक्कांशी झालेलं बोलणं शब्दशः होतं. जी गोष्ट त्या शेवटपर्यंत बोलल्या नाहीत ती यादीबाहेरच्या माणसाची होती, आणि ते माणूस त्यांच्याच घरात होतं.

दोघी चहा घेऊन निघाल्या. वाकळ श्रेयाने टेबलावर होती तिथेच ठेवली. जिना उतरताना तिने वैशालीचा दंड धरला होता.

आता मी तिच्यावर काही ठेवत नाही. सकाळी लिहायला बसले की एकदा उजेडात धरून बघते. बाहेरच्या ओळीत, डाव्या कोपऱ्यात, पहिले चार टाके लांबट आहेत, एक तर चक्क वाकडाच गेलाय. चौथ्यानंतर किंचित जागा सुटली आहे, दोरा तिथे थांबलेला दिसतो. पाचव्यापासून टाके बारीक आणि सारखे होत जातात, आणि ते तसेच आत, पार मोरपंखी चौकोनाच्या मध्यापर्यंत जातात. राजाक्कांचा एकही टाका त्यात नाही. उजवा हात गळ्यात बांधून त्या शेजारी बसल्या आहेत, त्या सुटलेल्या जागेपाशी.