ताईची बँक

पिग्मीताई चालत नसे, सुटलेली असे. रिसोडच्या कापड लाइनीत ती वळली की आधी तिचा आवाज पोचायचा आणि मागून ती. खांद्याला काळी पर्स, हातात पावत्या छापणारं छोटं मशीन, आणि साडीखाली चक्क पांढरे स्पोर्ट शूज. त्या बुटांवरून अख्ख्या लाइनीने तिची थट्टा करून घेतली होती. ती म्हणे, "तुमी बसून कमावता, मी चालून कमावतो. मंग बूट कोणाले पायजेत?" आमच्या मॅचिंग सेंटरच्या पायरीवर तिचा एक पाय यायचा, दुसरा पुढच्या दुकानाकडे निघालेला असायचा. लग्न होऊन मी कारंज्याहून इथे आले, गल्ल्यावर बसायला लागले, पण तिला कधी कुठे टेकलेलं पाहिलं नव्हतं.

दुकानोदुकानी फिरून रोज थोडे थोडे पैसे गोळा करायचे आणि चौकातल्या पतसंस्थेत नेऊन भरायचे, हे तिचं काम. त्याला पिग्मी म्हणतात, म्हणून ती पिग्मीताई. खरं नाव आम्हाला माहीत नव्हतं आणि त्यावाचून कुणाचं काही अडतही नव्हतं. तिच्याकडे मात्र प्रत्येक उंबऱ्याचा हिशोब होता. सोनाराला रामराम, चहावाल्या रफिकभाईंना सलाम, झेरॉक्सवाल्या दादाला जयभीम, आणि आमच्याकडे जय जिनेंद्र. तिचा तो जय जिनेंद्र इतका ठसठशीत असायचा की माझे सासरे, म्हणजे बाबूजी, गल्ल्यावरून अर्धे उठायचे. "आपल्या घरात कोणी येवढं साफ म्हणत नाई," असं वर मलाच ऐकवायचे.

पैसे मागायची तिला लाज नव्हती, कारण ते ती आपल्यासाठी मागतेय असं तिचं ठाम मत होतं. "खिशातला पैसा पोराचा, गल्ल्यातला माल देनाऱ्याचा. माह्या मशीनीत गेला तेवढाच तुमचा, वहिनी." बोहनी झाली नसली तरी सुटका नाही. "दहा द्या, पन द्या. सवय मोडली का मानूस मोडते." रफिकभाई डेंग्यूने दवाखान्यात पडले तेव्हा त्यांच्या नावावर ती पदरचे भरत राहिली आणि ते बरे होऊन आले त्या दिवशी सगळे वसूल केले, वरून पपई खाल्ली नाही म्हणून झापलं ते वेगळंच. माझी तर ती लाडकी होती, सरळच सांगते. सासरच्या गावात मला माझ्या नावाने पहिली पावती कुणी दिली असेल तर तिने.

आणि मग एका सोमवारी चौकातलं पतसंस्थेचं शटर उघडलंच नाही. शटरवर तांत्रिक अडचणीचा कागद, अध्यक्षांचा फोन बंद, बंगल्याला कुलूप. बातमी लाइनीत अशी पसरली की मी ब्लाउजपीस कापता कापता कात्री टाकून रस्त्यावर आले. बाकीचे पिग्मी एजंट एका दुपारीत गायब झाले. कुणी मामाच्या गावाला, कुणी पुण्याला.

ताई मंगळवारी आली. नेहमीच्या वेळेला, त्याच बुटांत, हातात बंद पडलेलं मशीन. लाइनीने तिला घेरलं, नको नको ते बोलली. ती ऐकत उभी राहिली, आणि आयुष्यात पहिल्यांदा आमच्या पायरीवर बसली. मला तो क्षण बघवला नाही. मी पाणी दिलं. ते पिऊन ती म्हणाली, "शिव्या द्याच्या तं मले द्या, मी रोज येतो. पन आधी ठाण्यात चला. कंप्लेंट लिवा." आणि खरंच, तीच पुढे आणि अख्खी लाइन मागे, अशी वरात ठाण्यात गेली.

आता आमची अक्कल पाहा. ठाण्यात एकेकाला विचारलं, पैसे कुणाकडे दिले? आम्ही एकेकाने सांगितलं, ताईकडे. खरंच होतं की ते. पतसंस्थेची पायरी आमच्यापैकी कुणी चढलंच नव्हतं. अध्यक्षाचं आडनाव बाबूजींना आठवेना, रफिकभाई तर त्या संस्थेला सरळ ताईची बँकच म्हणत. दुकानापर्यंत बँक चालत येत असताना तिचं घर बघायला कोण जाणार? जबाबावर जबाब झाले, आणि प्रत्येकात नाव एकच. आठवडाभरात वाशीमच्या आर्थिक गुन्हे शाखेतून तिला बोलावणं आलं. अध्यक्ष फरार, आणि आरोपींत पिग्मीताई. तिला अटक होणार, असं झेरॉक्सवाला सांगत आला तेव्हा बाबूजींनी हातातला चहा तसाच खाली ठेवला.

"आपन काय सांगतलं अन् काय झालं हे," ते म्हणाले आणि तिथल्या तिथे उठले. बाबूजी दुकान सोडून कधी लग्नालाही वेळेवर जात नाहीत. त्या दिवशी त्यांनी दुकानोदुकानी फिरून, तिच्यासारखंच पायरीपायरीवर उभं राहून, माणसं गोळा केली. दुसऱ्या दिवशी सकाळी कापड लाइन बंद. चार जीपा भरल्या, उरलेले एसटीत शिरले. मी बाबूजींच्या शेजारी दाटीवाटीने बसले होते आणि तिथे काय सांगायचं ते परीक्षेला निघाल्यासारखं घोकत होते. आमचे स्वतःचे पैसे बुडालेत, हे त्या दिवशी खरंच कुणाच्या डोक्यात नव्हतं.

वाशीमच्या त्या ऑफिसात ताई भिंतीला लागून उभी होती, शेजारी बाजार समितीच्या यार्डात हमाली करणारा तिचा नवरा. आम्हाला पाहून तिचा चेहरा उतरला. तिला वाटलं, आम्ही आणखी तक्रार करायला आलो.

तिथल्या पोलीस साहेबांनाही तेच वाटलं. बाबूजींनी पुरवणी जबाब लिहून घ्या म्हटल्यावर ते वैतागले. "अहो, तुम्हीच हिच्याविरुद्ध जबाब दिलेत ना?"

"विरुद्ध नाई देला साहेब. तुमी इचारलं पैसे कोनाले देले, आमी सांगतलं इले देले. इनं खाल्ले काय, हे तुमी इचारलंच नाई."

"मग आता विचारतो. हिने खाल्ले नाहीत कशावरून?"

 मागून रफिकभाई पुढे झाले. "साहेब, ज्यानं खाल्लं तो पयाला. हे बाई दुसऱ्या दिवशी आली. गाली खाऊन परत आली. आजबी तुमी बोलावलं तं आली. चोर इतक्या वेळा येते काय?"

 साहेबांनी पंखा वाढवायला सांगितला आणि एकेकाला आत घ्यायला सुरुवात केली. माझी पाळी आली तेव्हा मी भडाभडा इतकं बोलले की लिहिणाऱ्या शिपायाने हात जोडले. संध्याकाळी आम्ही बाहेर पडलो ते, आरोपी नाही, आता ती साक्षीदार राहील, हे साहेबांच्या तोंडून ऐकूनच. परतीच्या जीपमध्ये जो गोंधळ झाला तो एखाद्या वरातीतही होत नाही. ताई मधोमध बसून रडत होती आणि रडता रडता ड्रायव्हरला हळू चालव म्हणून ओरडत होती.

पैसे अजून आलेले नाहीत. अध्यक्षाची जमीन जप्त झाली, तारखा पडताहेत. तेवढ्यात गावात नवी पतसंस्था आली आणि तिचा मॅनेजर पहिल्यांदा गेला कुणाच्या घरी, तर ताईच्या. दुप्पट कमिशन देतो, तुमची जुनी लाइन आम्हाला द्या, म्हणाला. घरात नवऱ्याच्या हमालीशिवाय एका पैशाची आवक नव्हती, तरी तिने त्याला चहा पाजून परत पाठवलं. आम्हाला कळल्यावर म्हणाली, "लोक माह्या तोंडाकडं पाहून पैसे देतेत. थे तोंड इकाले नाई काढलं मी."

एवढ्यावर थांबली असती तर ती ताई कसली. दुसऱ्या दिवसापासून तिने आम्हाला एकेकाला हाताला धरून सरकारी बँकेत नेलं. खाती उघडायला लावली. बाबूजी खिडकीपाशी नोटा धरून उभे राहिले आणि सवयीने तिच्याकडेच वळले. ती बाकावरून म्हणाली, "तिथंच द्या बाबूजी. माह्याकडं कायले पाहता? पुसा त्याले, बँक कोनाची हाये, पैसे कुठं जातेत. आपन पुसलं नाई, म्हनून बुडालो." बाबूजींनी साठी उलटल्यावर पहिल्यांदा बँकेतल्या माणसाला प्रश्न विचारला. शेवटच्या दुकानदाराचं खातं उघडेपर्यंत ती येत राहिली, आणि मग यार्डात सोयाबीन चाळायच्या मजुरीवर जाऊ लागली.

आता बाबूजी रोज स्वतः बँकेत जातात. परवा भरून आले, चप्पल काढली, गल्ल्यावर बसले आणि रस्त्याकडे पाहत राहिले. मी विचारलं, भरले का पैसे?

"भरले. आता बुडत नाईत," ते म्हणाले. "पन सूनबाई, तिनं आपल्याले येवढं शिकोलं, का आता तिले आपल्या पायरीवर याचं कामच राह्यलं नाई."