बद्द वाजलेला कप

धुकं इतकं दाट होतं, की कारखान्याच्या धुराड्याचा वरचा अर्धा भाग कुणी कापून नेलाय असं वाटावं. अशा सकाळी माती हाताला चावते. कानवालीने गोळ्यावरचा ओला फडका काढला, गोळा फळीवर दणकन आपटला आणि मळायला घेतला. रेटायचा, वळवायचा, पुन्हा रेटायचा. आत हवेचा एक बुडबुडा जरी राहिला तरी तो भट्टीत जाऊन सूड घेतो, असं तिचे वडील म्हणायचे. वडील भट्टीवाले होते.

कपांना कान चिकटवण्यात तिचा जन्म गेला, म्हणून ती कानवाली. कारखाना बंद पडून पंचवीस वर्षं झाली. आता तिथं संग्रहालय आहे, आणि सुट्टीच्या दिवशी येणाऱ्या पोराटोरांना ती कान लावून दाखवते.

"आजी, कपाला ऐकू येतं का?" एखादं कार्टं विचारतंच.

"येतं की. बोलतोसुद्धा." मग ती नखाने कपाच्या काठावर टिचकी मारते. चांगला कप टण्ण वाजतो, आत तडा गेलेला बद्द. डोळ्याला न दिसणारा तडा कानाला कळतो. बद्द वाजला की कप ढिगाऱ्यावर. चाळीस वर्षांत तिच्या टेबलावरून असा एकही कप पुढं गेला नव्हता.

माती मळून झाली की झाडू घेऊन ती जुन्या भट्टीकडे जायची. ही भट्टी म्हणजे दोन मजली घराएवढी विटांची बाटली. तिच्या दाराशी एक रंगवलेली लाकडी पाटी बसवलेली होती. भट्टी कधी बांधली, किती माल निघायचा, हे सगळं सांगून शेवटच्या ओळीत लिहिलं होतं: 'एका मद्यपी कामगाराच्या निष्काळजीपणामुळे या भट्टीतील संपूर्ण माल एकदा फुटला.'

तो मद्यपी म्हणजे तिचे वडील. माणसाने आयुष्यात सर्दीवरसुद्धा घोटभर घेतली नव्हती.

झालं होतं ते असं. तीन दिवस आग दिली, की विटांनी लिंपलेलं दार चार दिवस बंद ठेवून भट्टी निवू द्यायची. त्या वेळी मॅनेजरला घाई होती, मालगाडी उभी होती. दुसऱ्याच दिवशी तो म्हणाला, दार फोडा. वडील हात जोडून म्हणाले, "साहेब, आणखी दोन दिवस. गार वारा लागला तर सगळं तडकेल." मॅनेजर म्हणाला, "मातीचे लाड नकोत." दार फुटलं, वारा आत शिरला आणि अकरा हजार नग एका घटकेत तडकले. मालकापुढे मॅनेजरने सगळं खापर वडिलांच्या माथी फोडलं. म्हणाला, पिऊन आला होता. बाकीचे मूग गिळून बसले. वडिलांचं काम गेलं आणि नाव पडलं 'फोड्या'. त्यानंतर नऊ वर्षं ते घरात बसून हाताला येईल ती कपबशी वाजवून बघायचे. मरायच्या आदल्या दिवशी औषधाची वाटीसुद्धा.

वडिलांचं काम गेलं तेव्हा ती अठरा वर्षांची. घर चालवायला त्याच मॅनेजरच्या नजरेखाली ती पुढची सोळा वर्षं कान लावत राहिली. तो टेबलाशी आला, की ती मान खाली घालून मनातल्या मनात त्याला भट्टीत घालून दार लिंपून घ्यायची. चार दिवसांनीसुद्धा उघडायची नाही.

आता रविवारी कारखान्याला शंभर वर्षं होणार होती. त्र्याऐंशी वर्षांचा मॅनेजर पाहुणा म्हणून बोलावला होता. सोमवारी तो काठी टेकत तिच्या टेबलाशी आला.

"मला जुन्या घडणीचा एक कप हवा. रविवारचा पहिला चहा त्यातूनच घेणार. कान जरा मोठा ठेव, बोटं सुजतात हल्ली."

"दहा दिवस तरी लागतील, साहेब. कान सावलीत सावकाश वाळावा लागतो. मग दोनदा भाजायचं."

"दहा दिवस? हीटरपुढे ठेव नि मोकळी हो! मातीचे लाड नकोत."

तेच शब्द! तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण तोंडाने ती एवढंच म्हणाली, "साहेब, घाईने कान तडकतो."

"मला शिकवू नकोस. सांगितलं तेवढं कर."

"बरं," ती म्हणाली. "तुम्ही म्हणाल तसं."

आणि तिने तंतोतंत तसंच केलं. कान हीटरपुढे वाळवला. विजेच्या छोट्या भट्टीत कप भाजला, झिलई चढवली, पुन्हा भाजला. शनिवारी दुपारी बाहेर काढला तेव्हा तो नवरीसारखा चकाकत होता. तिने टिचकी मारली.

बद्द.

कानाच्या मुळाशी, झिलईखाली, तडा होता. तिने कप स्वच्छ पुसला आणि ढिगाऱ्याकडे न जाता रविवारच्या चहाच्या ट्रेमध्ये नेऊन ठेवला.

रविवारी भट्टीपुढच्या अंगणात खुर्च्या मांडल्या होत्या. पहिल्या रांगेत जुने कामगार होते. त्यांत पेंढामामाही होता. आयुष्यभर कप पेंढ्यात गुंडाळून खोक्यांत भरले, म्हणून ते नाव. मॅनेजरने पांढरीशुभ्र पँट घातली होती. कानवालीने स्वतः कप पुढं केला.

"साहेब, एकदा वाजवून बघा."

"आता काय वाजवायचं? चहा ओत."

तिने ओतला. काठोकाठ, वाफाळता. मॅनेजरने सुजलेली दोन बोटं कानात घातली, कप उचलला, लोकांकडे बघून हसला. कट् आवाज झाला. कान बोटांत राहिला, कप मांडीवर पडला.

"आई गं!" म्हातारा ताडकन उठला. पँटवर तांबडा डाग पसरला. "हा कसला कप? कुणी सांगितलं होतं एवढ्या घाईत करायला?"

"तुम्ही," कानवाली म्हणाली. आवाज चढवला नाही. "मी दहा दिवस मागितले होते. माझ्या वडिलांनी दोन मागितले होते."

"ती जुनी गोष्ट... तो पिऊन..."

"पिऊन नव्हता." पेंढामामा गुडघ्यावर हात देऊन उभा राहिला. "दार मी फोडलं. पहार माझ्या हातात होती आणि हुकूम यांचा. भट्टीवाला दाराला पाठ लावून उभा होता, त्याला मी ओढून बाजूला केला."

"इतकी वर्षं कुठं होतास, मामा?" तिने विचारलं.

"पोटापाण्याला होतो गं," तो म्हणाला आणि खाली बसला.

तिने त्याला माफ केलं नाही. मॅनेजरला धरून मोटारीकडे नेताना संग्रहालय सांभाळणाऱ्या बाई घाबऱ्याघुबऱ्या तिच्याकडे बघत होत्या. तिला म्हाताऱ्याची दया आली का? शोधूनही सापडली नाही. मांडी लाल झाली असेल, चार दिवसांत बरी होईल. वडिलांना नऊ वर्षांत बरं वाटलं नव्हतं.

सोमवारी धुकं तसंच होतं. बाईंनी पाटीचे स्क्रू काढून ती भिंतीला टेकवून ठेवली होती.

"नवीन लिहून घेऊ," बाई म्हणाल्या. "ही जळणात टाकू का?"

"छे, चांगली सपाट फळी आहे."

कानवालीने पाटी उचलून टेबलावर आणली, अक्षरं खाली घालून ठेवली, वर ओला फडका पसरला. गोळ्यातून बोटाएवढी माती तोडली आणि त्या फळीवर कानाची वळी वळायला बसली.