हळू बोलणाऱ्या वन्सं

माझ्या थोरल्या नणंदेने उभ्या आयुष्यात कुणावर आवाज चढवला नाही. मी चढवला, त्यांच्यावरसुद्धा. माझा स्वभावच तसा आहे आणि आता या वयात मला त्याची लाजही वाटत नाही. वन्सं सव्वीस वर्षं बस स्थानकावर माईकवर बोलल्या, पण घरात भाजी वाढू का असं विचारायच्या तेही शेजारच्या खोलीत कुणी आजारी असल्यासारखं.

स्थानकात गोंगाट काय थोडा? इंजिनं, हॉर्न, फेरीवाले, रडणारी पोरं. माईकवर येणारे नवे लोक घसा फोडून बोलायचे आणि महिन्याभरात आवाज बसून घरी जायचे. वन्संची रीत उलटी होती. काचेमागे बसून त्या वाट बघायच्या. एखादी बस बाहेर पडली की दोन-चार क्षण जरा शांत होतं. तेवढ्यात त्या अगदी हळू बोलून घ्यायच्या. फारच कलकलाट असला तर आवाजाचं बटण वर नाही, खाली न्यायच्या. मग लोकच एकमेकांना दटावायचे, गप्प बसा, बाई काय सांगतायत ते ऐकू द्या. मला आधी हे सगळं थोतांड वाटायचं. एकदा त्यांचा डबा द्यायला गेले, तेव्हा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आणि मुकाट्याने परतले.

मग नवी यंत्रणा आली. छताला बारके माईक लावले. गोंगाट वाढला की स्पीकरचा आवाज आपोआप वाढणार, कमी झाला की उतरणार. ती बसवायला आलेला इंजिनियर मोठा गोडबोल्या होता. वन्संना म्हणाला, "बाई, आवाज तुमचाच राहणार." वन्संनी घरी येऊन हे तीनदा सांगितलं. आणि मीही, अक्कल गहाण टाकल्यासारखी, त्यांचं कौतुक केलं.

आठ दिवस बंद खोलीत बसवून त्याने त्यांच्याकडून वाक्यं वाचून घेतली आणि रेकॉर्ड करून यंत्रात भरली. त्याची यादी अपुरी होती. बस ऐनवेळी दुसऱ्या फलाटावर लागली तर काय बोलायचं, लहान मूल सापडलं तर काय, म्हाताऱ्या माणसाची पिशवी बाकावर राहिली तर काय, हे त्याला कुठून सुचणार? वन्संनी घरी वही घेऊन, आठवून आठवून ती सगळी वाक्यं भरून दिली. काम अर्धवट सोडायचं नाही ही त्यांची खोड. चार वाक्यं राहिली असती, तर तेवढ्यासाठी तरी खुर्ची राहिली असती. नवव्या दिवशी स्थानकप्रमुखांनी त्यांना हरवलेल्या सामानाच्या खोलीत बसवलं. तिथे बोलायचं कुणाशी? छत्र्यांशी?

वन्सं रडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, की आवाज तर माझाच आहे ना तिथे. पण त्या खोलीत त्या दार लावून बसायच्या, हे मला फार उशिरा कळलं. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. इंजिनियरवर, प्रमुखांवर, आणि खरं सांगते, वन्संच्या त्या समजूतदारपणावरही.

गेल्या महिन्यात त्या निवृत्त झाल्या आणि आम्ही दोघी त्याच स्थानकातून प्रवासाला निघालो. सुट्टीची गर्दी होती. लोक बोलत होते म्हणून स्पीकर चढले. स्पीकर चढले म्हणून लोक आणखी मोठ्याने बोलू लागले. मग स्पीकर आणखी चढले. माझ्या नणंदेचा आवाज त्यातून असा फाटून येत होता, जणू कुणी कजाग बाई दारात उभी राहून भांडतेय. सापडलेल्या मुलाचं वाक्य लागलं, तर समोरच्या बाईच्या कडेवरचं पोर दचकून रडायला लागलं.

शेजारी बसलेल्या गृहस्थाने कानांवर हात ठेवले. "काय बाई आहे ही," तो म्हणाला. "हिच्या घरचे कसे राहत असतील हिच्याबरोबर?"

मी उसळलेच. म्हटलं, घरचे इथेच बसलेत, विचारा त्यांना. आणि पुढे तोंडाला येईल ते ओरडून बोलत सुटले, कारण ओरडल्याशिवाय काही ऐकूच जात नव्हतं. वन्संनी माझा हात धरला. त्या काहीतरी म्हणाल्या, मला कळलं नाही. त्यांनी माझ्या कानाशी येऊन पुन्हा सांगितलं.

"अगं, गप्प बस. आपण बोललो की ती आणखी ओरडते."

आमची बस लागेपर्यंत मग आम्ही दोघी तोंड मिटून बसून राहिलो.