दोन बोटं माया

माझ्या मोठ्या नणंदेला मी वन्सं म्हणते. वय बावन्न, धंदा शिवणकामाचा. त्यांच्या हाताखाली मी अठरा वर्षं काजं-बटणं करते आहे. नणंद-भावजयीचं जे व्हायचं ते आमचंही रोज होतं, पण दुकान एक दिवस बंद पडलेलं नाही. मागच्या वर्षी त्यांनी रविवारच्या वर्गात नाव घातलं. विषय, मानसशास्त्राची ओळख. माझ्या नवऱ्यानं कपाळाला हात लावला. मी म्हटलं, बरंय, रविवारी तरी माझ्या कानांना सुट्टी.

पहिल्या परीक्षेत वन्सं आपटल्या, तेही चार मार्कांनी. घात वहीनं केला. मापांच्या वहीतच त्या व्याख्यान उतरवून घ्यायच्या. एका पानावर माकडाच्या पिल्लांचा प्रयोग होता. एक खोटी आई तारेची, पण दूध देणारी. दुसरी नुसती मऊ फडक्यात गुंडाळलेली. पिल्लं फडक्याला बिलगून बसली. त्याच्याच खाली एका गिऱ्हाइकाच्या कोटाचं टिपण होतं, 'माया दोन बोटं'. आमच्या धंद्यात माया म्हणजे शिवणीच्या आत सोडलेलं जास्तीचं कापड. पुढे घट्ट झालं तर उसवून सैल करता येतं. वन्संनी पानच्या पान घोकलं आणि पेपरात ठोकून दिलं, 'बाळाला दोन बोटं माया लागते.'

परीक्षा आणखी एकदाच देता येणार होती. त्यातही नापास, तर वर्गातून नाव कमी. आठवडाभर वन्सं माझ्याशी भांडल्या नाहीत, तेव्हा मात्र मला काळजी वाटली.

मग त्यांनी नवी वही आणली आणि प्रत्येक पानावर डावीकडे दोन बोटं जागा कोरी सोडली.

"ही माया," त्या म्हणाल्या. "सरांचं तिकडे, माझं इकडे. चुकलं तर उसवायला जागा नको का?"

त्या जागेत त्या स्वतःच्या भाषेत प्रश्न लिहायच्या. दुपारी गिऱ्हाईक नसलं की वही माझ्या हातात द्यायच्या आणि मशीन चालवत उत्तरं सांगायच्या.

"माणूस का विसरतो?" मी विचारायची.

"एकासारखं दुसरं येऊन त्यावर बसतं म्हणून. तू काल एक काज विसरलीस, तसं."

"ते मी मुद्दाम सोडलं होतं."

"त्यालाही वेगळं नाव आहे. पाचवा धडा."

खोटं कशाला सांगू, मी दुपारची वाट बघायला लागले होते.

परीक्षेच्या आदल्या दिवशी माकडांचं पान आलं. कोऱ्या जागेत प्रश्न होता, 'जीव कशानं जडतो? उदाहरण द्या.' खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'भावजय नवीन आली तेव्हा कुणाशी बोलायची नाही. दुकानात कापडाच्या ढिगाला टेकून बसायची. मी कधी उठवलं नाही.'

माझे डोळे भरून आले.

"थांबलीस का? विचार की."

"अक्षर लागत नाही तुमचं," मी म्हटलं.

वन्सं पास झाल्या, एकसष्ट मार्क मिळाले. मी दुकानात बसून निकालाचा कागद तीनदा वाचला.

"तो जीव जडण्याचा प्रश्न आला होता?" मी विचारलं.

"आला होता."

"उदाहरण कुणाचं दिलंत?"

"माकडाचंच," वन्सं म्हणाल्या, आणि माझ्याकडे बघत सुईत दोरा ओवायला लागल्या.