सरांची लीड

खंडेनवमीला अंबरनाथच्या कारखान्यांत लोक यंत्रांना हार घालतात. विलास सर अँप्लिफायरला घालत. काळा टी-शर्ट, खांद्यावर रुळणारे केस, कपाळाला कुंकू आणि समोर ओळीने मांडलेल्या शिष्यांच्या गिटारी. पूजा झाली की सगळ्यांनी पाया पडायचं, पेढा घ्यायचा आणि स्टेडियमची गोष्ट ऐकायची. ती मी जवळजवळ तीस वर्षं ऐकली. माणूस मात्र मला पहिल्याच वर्षी नावडायला लागला होता.

गोष्ट एवढीच, की तरुणपणी मुंबईच्या एका स्टेडियममध्ये परदेशी बँड आला, तेव्हा त्याच्याआधी वाजवायला सरांच्या बँडला अठरा मिनिटं मिळाली. त्या अठरा मिनिटांवर सर जन्मभर जगले. "पहिली तार ओढली आणि गेटपर्यंतचं पब्लिक गार! साला, चहावालापण थांबला!" हे म्हणताना ते डोळे मिटत. मग एकेक चाहता सुरू होई. "मी तिसऱ्या रांगेत होतो, सर." मैदानात खुर्च्याच नव्हत्या तर रांगा कुठल्या? पण सर कुणालाही खोडत नसत. दरवर्षी त्या स्टेडियममधले अंबरनाथकर वाढत गेले. त्या वेळी जन्मालाही न आलेला एक जण "काय साउंड होता!" म्हणताना मी स्वतः ऐकलाय.

त्यांचा क्लास शिवमंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका गाळ्यात होता. मी उल्हासनगरहून जायची, कारण आमच्या पट्ट्यात इलेक्ट्रिक गिटार शिकवणारं दुसरं कुणी मला माहीत नव्हतं. शिकवायचे उत्तम, हे दात-ओठ खात का होईना, सांगायलाच हवं. गिटारला हात लावण्याआधी प्रत्येक ओळ गाऊन दाखवावी लागे. "आधी तोंडाने वाजव. तोंडात नाही ते हातात कुठून येणार?" मी आजही तसाच रियाज करते, आणि करताना मला त्यांचा राग येतो.

कारण लीड, म्हणजे गाण्यात पुढे येऊन एकट्याने वाजवायची सुरावट, ते मला कधीच देत नसत. मागे बसून ताल धरायचा, एवढंच माझं काम. "पोरींच्या हातात ऱ्हिदम शोभतो. लीडला छाती लागते, शुभांगी." एकदा मी म्हटलं, "पण सर, वाजवतात तर बोटांनीच ना?" पोरं हसली. त्यानंतर महिनाभर मला इतरांच्या गिटारींच्या तारा बदलायला बसवलं. मी तेवीस वर्षांची होते आणि मला स्टेजवर मध्यभागी उभं राहून वाजवायचं होतं. दुसरं काहीही नको होतं.

त्याच वर्षी क्लासच्या बँडची कॅसेट करायचं ठरलं. उल्हासनगरात लछमनभाईंचा स्टुडिओ होता. एरवी तिथे सिंधी भजनं रेकॉर्ड होत. भिंतींना गाद्या ठोकलेल्या, आत पंखा लावायची बंदी. आदल्या दिवशी सरांनी गाळ्याचं शटर ओढताना डाव्या हाताचं बोट चेंगरून घेतलं. चारपैकी तीन गाण्यांत फारशी लीड नव्हती, ती कशीबशी झाली. उरलेल्या गाण्यात मात्र दीड मिनिटाची लीड होती आणि ती मला तोंडपाठ होती. सर काचेपलीकडे बँडेज बांधून बसले आणि मी वाजवली. लछमनभाई बाहेर येऊन म्हणाले, "साईं, बेटी ने बजाया है तो बेटी का नाम लिखो ना."

"लिखेंगे, लिखेंगे," सर म्हणाले. रिक्षात बसताना मला हळूच म्हणाले, "आत्ता बोलू नकोस. पुढच्या कॅसेटला तुझाच फोटो." कव्हर छापून आलं त्यावर 'लीड गिटार : विलास सर' असं ठळक अक्षरांत होतं. माझं नाव आभाराच्या यादीत, चहा पुरवणाऱ्याच्या खाली. पुढची कॅसेट कधी निघालीच नाही. बँडमधले बाकीचे दोघे रेकॉर्डिंगच्या दिवशी आपापलं वाजवून आधीच घरी गेले होते, आणि लछमनभाई चार-पाच वर्षांत वारले.

ते गाणं मात्र चाललं. स्टेडियममधली अठरा मिनिटं कुणी रेकॉर्ड केली नव्हती, त्यामुळे सर काय चीज होते याचा एकमेव पुरावा म्हणजे ती दीड मिनिटं. लोक आता मोबाइलवर ऐकवतात. खंडेनवमीला ते लागलं की सर डोळे मिटून मान डोलवत. माझ्याकडे एकदाही बघत नसत. मी तरी का जात राहिले? एखाद्या वर्षी ते सगळ्यांदेखत सांगतील, या आशेवर. गप्प बसले हा माझा मूर्खपणा, पण गप्प बसवलं त्यांनी.

गेल्या वर्षी सर गेले. बदलापुरात हॉल घेऊन चाहत्यांनी श्रद्धांजलीचा कार्यक्रम ठेवला. बँकेत अधिकारी असलेल्या नितीन नावाच्या शिष्याचा फोन आला, "शुभांगीताई, ती लीड तुम्हीच वाजवा. तुम्ही सरांच्या जवळच्या." मी गेले. फोटोला हार घातला आणि पन्नाशी ओलांडल्यावर पहिल्यांदा स्टेजच्या मध्यभागी उभी राहून माझीच लीड वाजवली. मनासारखी झाली.

टाळ्या पडल्या. मग पुढच्या रांगेतले एक गृहस्थ उठून नम्रपणे म्हणाले, "छानच वाजवलंत, मॅडम. पण तिसऱ्या ओळीनंतर सर किंचित थांबतात ना, तो श्वास राहिला. तीच तर सरांची जादू."

तो श्वास! रेकॉर्डिंगच्या वेळी काचेपलीकडून सरांनी अचानक बँडेजचं बोट वर केलं होतं. मला वाटलं, चुकले; म्हणून हात थबकला. पुन्हा घ्यायला वेळ नव्हता.

मी माइक ओढला. "ते थांबणं ही चूक होती. माझी. कॅसेटवरची लीड सरांनी वाजवलेली नाही, मी वाजवली आहे."

मग नितीनने डोळे पुसले. "अगदी बरोबर बोललात, ताई! गुरू आणि शिष्य वेगळे कुठे असतात? आज पण तुम्ही कुठे वाजवलं? सरच अंगात आले होते." सगळा हॉल उभा राहून टाळ्या वाजवायला लागला.

मी खरं बोलते आहे, हे सांगू शकेल असा एकच माणूस त्या हॉलमध्ये होता, आणि त्याच्या फोटोला मी मघाशीच हार घातला होता.