दुसऱ्या इंटरनेटची वायर

तिसगावात घरी बसून मी पुण्यातल्या मुलांना कॉम्प्युटरवरून गणित शिकवते. रस्त्याच्या कामाला जेसीबी लागला आणि आमची इंटरनेटची केबल सारखी तुटायला लागली. इकडे जोडली की तिकडे तुटायची. मुलं ताटकळत, मी बंद स्क्रीनपुढे चरफडत. शेवटी नवऱ्याला म्हटलं, "दुसऱ्या कंपनीचंही कनेक्शन घेऊ. एक गेलं तर दुसरं चालेल."

"घे की," तो म्हणाला. बोलायला काय जातंय!

नव्या कंपनीचा माणूस गच्चीवर जाऊन बघून आला. त्यांची वायर मागच्या गल्लीतून, म्हणजे चुलत सासऱ्यांच्या गच्चीवरून आणावी लागणार होती. विहिरीच्या वाटणीवरून दोन घरांचं बोलणं बंद. माझ्या सासऱ्यांनी हात झटकले, "त्याच्या दारात मी जायचो न्हाई." नवरा शिक्षक, त्याला नेमकं शाळेत काम निघालं. मग मीच गेले.

चुलत सासऱ्यांनी पेपर खाली घेतलाच नाही. चुलत सासूबाईंनी, म्हणजे काकूंनी, मात्र सगळं ऐकून घेतलं. "जाऊ दे वायर. माझ्या वाळवणात पाय देऊ नका म्हंजे झालं." मग आवाज बारीक करून, "आन त्यो पासवर्ड आमाला बी द्या."

दिला. वायर आली, हिरवा दिवा लागला. मला केवढं हायसं वाटलं! आणि पुढच्याच आठवड्यात, ऐन तासाला, दोन्ही कनेक्शनं एकदम गेली.

नव्या कंपनीला फोन लावला. "मॅडम, चौकात आमची आणि त्यांची केबल एकाच चरातून येते. जेसीबीनं दोन्ही उचलल्या."

"हे आधी का नाही सांगितलं?"

"तुम्ही विचारलं नाही ना."

डोकं असं सणकलं, की फोनच बंद केला. मग नगरहून सिमकार्डावर चालणारा वायफायचा डबा आणवला. पण समोर कांद्याच्या गोदामाचे पत्रे. घरात कुठंच रेंज येईना. डबा हातात धरून गच्चीवर फेऱ्या मारताना मला काकूंनी पाहिलं.

"अगं, आमच्या जिन्यात लागतो फोन! लेकीशी मी तितूनच बोलते. ठेव हितं."

ठेवला. तिथून माझ्या खोलीत वायफाय व्यवस्थित पोचलं. आता केबल तुटली तरी तास चालतो. म्हणजे दुपारपर्यंत चालतो. जेवण झालं की चुलत सासरे जिन्याजवळ खाट टाकतात आणि "लई लुकलुकतंय" म्हणून डब्याचं बटणच बंद करतात. समीकरण अर्ध्यात टाकून मी गच्चीवर धावते आणि ओरडते, "काकू, डबा लावा!" त्या हातातलं काम टाकून जिन्याकडे जातात. डबा पुन्हा सुरू होईपर्यंत निम्मी मुलं पसार झालेली असतात.